पाहुण्यांचं पीठ

आधी तराजू उतरला, मग बाई उतरल्या.

टाकळवाडीच्या लोकांनी तराजू पाहिला नव्हता असं नाही. मोंढ्यातला पाहिला होता, ज्यात आपला माल कधीच पुरता भरत नाही. सोनाराचा पाहिला होता, बहुतेकांनी दागिना मोडताना. हा तिसऱ्याच जातीचा निघाला. पितळी, चकचकीत, लाकडी पेटीत मखमलीवर निजवलेला, आणि शेजारी वजनांची सगळी पिल्लावळ. शहागंजातून मुद्दाम घेतलाय, असं जीपचा ड्रायव्हर पाण्याचा तांब्या तोंडाला लावण्याआधीच सांगून मोकळा झाला.

बाईंचं नाव सरोजिनी. वय तिशीच्या आत, डोळ्यांना चष्मा, खांद्याला शबनम, पायात कापडी बूट. औरंगाबादेत पुंडलिकनगरातल्या एका बंगल्यात त्यांची संस्था होती आणि ती संस्था गरिबीचा अभ्यास करत होती. गरिबी काही त्या बंगल्यात राहत नव्हती, म्हणून तिला शोधायला असं जीप घेऊन बाहेर पडावं लागे.

साल सत्त्याऐंशी. पाऊस लागोपाठ दुसऱ्यांदा हुकलेला, चैत्र निम्मा सरलेला. बाईंनी मारुतीच्या पारावर बसून चिठ्ठ्या टाकून एक गल्ली उचलली आणि तिच्यातली लागून असलेली चार घरं घेतली. त्यातलं तिसरं घर कडूबाचं.

कडूबाबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे. त्याच्या आज्याला निजामाच्या अमदानीत घोडं होतं. घोडं मेलं, अमदानी गेली, पोलीस ॲक्शन होऊन चाळीस वर्षं होत आली, पण कडूबा अजून त्या घोड्यावरून उतरला नव्हता. अकरा एकर कोरडवाहू रान आणि अकराही एकरांत ढेकळं. एकुलता मुलगा बन्सी मुकुंदवाडीत लाकडाच्या वखारीत फळ्या उचलत होता आणि दोन महिने इकडं फिरकला नव्हता. घरात कडूबा, त्याची बायको सारजाबाई आणि बन्सीची बायको लक्ष्मीबाई. लक्ष्मीबाईला सातवा लागलेला. तिच्या पायावर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि तो भरून यायला बराच वेळ लागायचा. सारजाबाई रोज सकाळी तो खळगा पाडून बघायची. काय बघते ते कुणाला सांगायची नाही.

"मावशी, उद्यापासून सात दिवस मी येईन," सरोजिनीबाई म्हणाल्या. "स्वयंपाकाच्या आधी पीठ, डाळ, तेल, जे काढाल ते यात तोलून घ्यायचं. रोज करता तेच करायचं, वेगळं काही नाही."

"आन् तोलून काय करायचं?"

"लिहायचं."

"आन् लिवून?"

"अभ्यास," असं म्हणून बाई हसल्या. त्यांना इतकंच सांगायची परवानगी होती. कशासाठी ते घरच्यांना सांगायचं नाही, सांगितलं की घरचे वागणं बदलतात, असा संस्थेचा नियम. न सांगताही बदलतात, हे संस्थेला कुणी कळवलं नव्हतं.

बाई वळल्या तशी सारजाबाई त्यांच्या पाठीकडं बघून जमिनीवर थुंकली. चुलीत डोकवायला निघाली! आपल्या आईच्या तरी चुलीत हिनं कधी डोकावलं असेल का?

*

इथं गोष्ट जरा थांबवून डब्याचं सांगायला पाहिजे.

त्या गल्लीत एक डबा होता. पत्र्याचा, पंधरा किलो तेलाचा, वरचं तोंड कापून झाकण बसवलेला. त्यात गव्हाचं पीठ असायचं आणि ते कुणाचंच नव्हतं. कुणाकडं पोरगी बघायला आले, कुणाचा जावई आला, कुणाचा मेहुणा वाट वाकडी करून टपकला, की डबा भिंतीवरून त्या घरात जायचा. पाहुणा पोळ्या खाऊन ढेकर देऊन जायचा आणि घरवाले त्याच्यामागं पाण्यात कालवलेल्या कण्या प्यायचे. मग सवडीनं ज्याचा पाहुणा त्यानं पीठ भरून द्यायचं. दहा-बारा वर्षं हे असं चाललं होतं. चारही घरांची सोयरीक त्या एका डब्यावर उभी होती आणि डब्याचं नाव कुणी तोंडानं घेत नव्हतं. 'ते' म्हणायचे. "ते हाय का तुमच्याकडं?" "नाय, सरूबाईकडं हाय."

आणखी एक गोष्ट तोंडानं घेत नव्हते. चारही घरच्या बाया दिवस उगवायच्या आत सरपंच आप्पासाहेबाच्या मोसंबीला पाणी घालायला जायच्या. विहीर खोल गेलेली. पोहऱ्यानं ओढायचं, डोक्यावर घागर, कमरेवर कळशी, आणि झाडाच्या बुडात ओतून परत. तीनशे झाडं. मान आत दबून जायची, हातांच्या घड्यांत पोहऱ्याच्या दोरीनं चिरा पडायच्या. मजुरी म्हणून पदरात जवारी. पण जायच्या त्या मागच्या आळीनं, एकेकटीनं, तोंडावर पदर ओढून. विहिरीवर भेटल्या तरी एकमेकींना ओळख द्यायच्या नाहीत. घरंदाज बाया मजुरीला जात नसतात, त्यामुळं त्या तिथं नसायच्याच. झाडांना पाणी मात्र मिळायचं.

आता पुढं.

*

रविवार

पहिल्या घरात बाई शिरल्या तेव्हा डबा त्या घरात होता. पीठ काढलं, परातीत आलं, पारड्यात चढलं, वहीत उतरलं. बाई दुसऱ्या घराकडं निघाल्या. पुढच्या दारानं बाई, मागच्या भिंतीवरून डबा. दुसऱ्या घरी तेच पीठ. एकीनं तीन मापटी काढली, दुसरीनं चार, म्हणजे वहीत फरक दिसावा. एवढी अक्कल कुणी शिकवावी लागली नाही.

सारजाबाईनं भिंतीपलीकडून डबा घेतला आणि कडूबानं पटका बांधला.

"बसा बाईसाब," तो म्हणाला. "आमच्यात गहूच लागतो. जवारी तब्येतीला मानवत नाय."

सारजाबाईनं पीठ काढलं. हात भरून काढलं. किती दिवसांनी तिच्या बोटांना गव्हाचं पीठ लागलं होतं! बाईंनी वजनं ठेवली, उचलली, लहान ठेवली, काटा स्थिर व्हायची वाट पाहिली. सारजाबाईला त्या काट्याची मजा वाटली. दाखव, दाखव म्हणाव, तुझ्या मालकिणीला दाखव की हे घर काय खातं.

"रोज एवढं?" बाईंनी विचारलं.

"संध्याकाळचं येगळं," सारजाबाई म्हणाली आणि लक्ष्मीबाईनं मान खाली घातली.

बाई चौथ्या घराकडं गेल्या. पीठ त्यांच्या आधी पोचलं. दुपारी चारही घरांतून कण्यांचा वास येत होता. पण बाई शिजवलेलं बघत नव्हत्या, त्यांच्या तक्त्यात कच्च्याचाच खाना होता.

एवढं जन्मात पहिल्यांदा घडलं होतं की पाहुणा आला, बसला, गेला, आणि डब्यातलं पीठ तसंच राहिलं. न खाणारा पाहुणा! गल्ली खूश झाली.

सोमवार

सरूबाई म्हणजे चौथ्या घरची विधवा. तिच्या पोरीला बघायला खरेच पाहुणे आले, सकाळीच आले आणि सात जण आले. डबा तिकडं गेला आणि खडखडला.

सरोजिनीबाई कडूबाच्या दारात. घरात मिरची, मीठ आणि गाडग्याच्या बुडाशी कण्या. कण्या तोलायला काढाव्या असं सारजाबाईच्या मनातसुद्धा आलं नाही. हे इथं लिहून ठेवायला हवं, कारण पुढं ती फार शहाणी होणार आहे.

कडूबा खाकरला. "आज सोमवार. महादेवाचा उपास असतो आमच्यात."

"सगळ्यांचा?"

"घराण्याचाच हाय."

"मग भगर, साबुदाणा काही?"

"निर्जळी," कडूबा म्हणाला. घोड्यावरच्या माणसाला अर्धामुर्धा उपास शोभत नाही.

बाईंनी वही उघडली. तिथं छापील सूचना होती: सण किंवा उपवास असल्यास तो दिवस धरू नये. त्यांनी त्या खान्यावर एक तिरपी रेघ ओढली. सारजाबाईला ती रेघ दिसली. तिला वाटलं, सुटलो.

मग दुसऱ्या घरी उपास, पहिल्या घरी उपास, पाहुणे ढेकर देऊन गेल्यावर सरूबाईकडंही उपास. उपास भिंतीवरून डब्यापेक्षा लवकर गेला.

मंगळवार

आप्पासाहेबाच्या घरून आठवड्याची जवारी मिळाली. ती सरूबाईनं वाण्याकडं गव्हावर बदलली. सात दिवसांची जवारी देऊन तीन दिवसांचे गहू आले. डबा पुन्हा फिरला. बाईंनी लिहिलं.

बुधवार

बाईंच्या मनात काय आलं कोण जाणे, त्या सारजाबाईच्या चुलीपुढून उठल्याच नाहीत. "आज मी मळताना पाहते," म्हणाल्या आणि पाटावर मांडी ठोकली. सारजाबाईनं भिंतीकडं पाहिलं. भिंतीपलीकडून सरूबाईची बांगडी दोनदा वाजली. डबा द्या, डबा द्या. आता डबा कसा द्यायचा? परात भरलेली आणि समोर चष्मा.

मळलं. लाटलं. तव्यावर टाकलं. घर पोळीच्या वासानं भरलं आणि लक्ष्मीबाईच्या तोंडाला इतकं पाणी सुटलं की ती पदर तोंडात घालून मागच्या दारी जाऊन उभी राहिली. बाई गेल्यावर तिनं चार पोळ्या खाल्ल्या, कोरड्या, न बोलता, चावल्या न चावल्यासारख्या. तासाभरात सगळं उलटून पडलं. ती उकिरड्याशी ओणवी, सारजाबाई तिचं कपाळ धरून.

"आत्याबाई, वाया गेलं सारं," ती म्हणाली.

"गप. व्हतं का आपलं?"

गुरुवार

(डबा खडखडीत. तिरपी रेघ. दत्ताचा.)

शुक्रवार

(तिरपी रेघ. संतोषीमातेचा. ही देवी गावात आली कधी हे कडूबालाही सांगता आलं नसतं, पण शुक्रवारवर दुसरं कुणी हजर नव्हतं.)

सरोजिनीबाईंनी वहीच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं : गाव अतिशय धार्मिक.

*

शनिवार

(चौथी तिरपी रेघ. मारुतीचा.) कडूबा बाहेर ओट्यावर बसून अंगठ्याला शाई लावत होता. सात दिवस पुरे झाले, खाली अंगठा पाहिजे. आत सरोजिनीबाई पेटी आवरत होत्या. काम संपलं की अशा माणसांना जरा माया फुटते. त्यांनी लक्ष्मीबाईच्या पायाकडं पाहिलं.

"सूज आहे हो. दवाखान्यात दाखवलं?"

"दाखवू," सारजाबाई म्हणाली.

"यांना चांगलं खायला हवं. तुमच्याकडं तसं ठीक आहे म्हणा. खरं सांगू मावशी, आता काम झालंय म्हणून सांगते. मला वाटलं होतं, या गावात फार कमी निघेल. कमी निघालं असतं तर संस्था कलेक्टरांकडं मागणी करणार होती. पाझर तलावाचं काम, आणि गरोदर बायकांना रोज दुपारी जेवण. शेजारच्या दोन गावांना मंजूर होतंय. तुमचं वर गेलं. चांगलंच आहे की!"

सारजाबाईच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं खाली ठेवला, मग पुन्हा उचलला, मग कुणाला द्यायचा ते न कळून स्वतःच प्याली.

"रोज दुपारी?"

"हो. बाळंत होईपर्यंत. नंतरही सहा महिने."

"आन् मपल्या घरचं वर कसं गेलं? चार दिवस तर..." तिनं ओट्याकडं पाहिलं. कडूबाची पाठ दिसत होती. "चार दिवस तर चूल नव्हती."

"उपवासाचे दिवस धरत नाहीत ना, मावशी. जेवता त्या दिवसांचीच सरासरी."

बाई जीपकडं गेल्या. त्यांना बोलवून सांगायला ओटा ओलांडावा लागला असता आणि ओट्यावर पटका बसला होता. सारजाबाई उभीच राहिली. हे तिला त्या दिवशीपासून शेवटपर्यंत माफ करता आलं नाही, म्हणजे स्वतःला.

कण्या पिऊन झाल्यावर तिनं विषय काढला.

"उद्या त्यांचे मोठे सायेब येणार पारावर. त्यांना सांगायचं."

"काय सांगायचं?"

"उपास नव्हता म्हणून."

"मंग काय व्हतं?" कडूबानं विचारलं, आणि हे विचारताना त्याच्या आवाजात जरासुद्धा हसू नव्हतं.

"नव्हतं खायाला."

"आवाज करू नको. भिंत हाय."

"भिंतीला ठावं नाय व्हय? डबा तिच्याच डोक्यावरून गेला ना?"

"बन्सीची माय, कडूबाच्या घरी खायाला नाय असं चारचौघांत म्हणलीस तर पुन्हा या घरात..." पुढचं वाक्य त्याला सुचलं नाही. घर पडायला आलेलं होतं, त्यात येऊ नको म्हणण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

"सूनबाईचा पाय बघा आधी. मंग मपल्याशी बोला."

सुनेचा पाय सासऱ्यानं बघायचा नसतो. कडूबा उठून बाहेर गेला. रिवाज त्याला फार उपयोगी पडायचे.

*

रविवार, पारावर

(संस्थेचे प्रमुख व्यंकटराव. सफारी, पांढरे केस, मागे आयुष्यभराची प्राध्यापकी. आप्पासाहेबानं घरून खुर्ची पाठवलेली. पुरुष पारावर, बाया देवळाच्या कोपऱ्यात. कुणी काय म्हटलं ते जसंच्या तसं खाली.)

व्यंकटराव : ...तर मंडळी, आनंदाची गोष्ट अशी, की टाकळवाडीत धान्याची टंचाई असली तरी उपासमार नाही. कुटुंबं गहू खातात. हे शास्त्रीय मोजमाप आहे.

आप्पासाहेब : आमचं गावच खानदानी हाय, साहेब. मागून खाणारातलं नाय.

(आप्पासाहेबाला पाझर तलाव नको होता. तलावाचं काम निघालं असतं तर मोसंबीला पाणी कुणी घातलं असतं?)

सारजाबाई : सायेब.

(सगळ्या माना वळल्या. बायांच्या कोपऱ्यातून बाई बोलत नसते.)

सारजाबाई : उपास नव्हता.

व्यंकटराव : काय म्हणतात त्या?

सारजाबाई : चार दिवस रेघ मारली ना म्याडमनी, तवा उपास नव्हता. खायाला नव्हतं. गव्हाचं पीठ पाहुण्याचं व्हतं, चौघींत एक. ते तुम्ही चारदा तोललं.

(सरोजिनीबाई वही चाळू लागल्या. पानं भराभर उलटताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.)

सरोजिनी : सर, तिरप्या रेघा चारही घरी एकाच दिवशी आहेत. हे मला आधी...

व्यंकटराव : नोंद नंतर बदलता येत नाही, सरोजिनी. कारण कळल्यावर माणसं सांगणारच. ही पद्धत कशासाठी आहे मग?

(सरोजिनीबाईंनी पेनाला टोपण लावलं. तेवढंच त्यांचं धाडस.)

व्यंकटराव : बरं, बाकीच्या तीन घरांचं काय म्हणणं आहे?

(पहिलं घर आप्पासाहेबाकडं बघू लागलं. दुसरं घर देवळाकडं.)

सरूबाई : आमच्याकडं उपासच व्हता.

व्यंकटराव : पाहा.

सारजाबाई : मपल्या घरात सात महिन्यांची पोटुशी हाय. पोटुशीला उपास कोण धरायला लावतं, सायेब? जग उलटं झालं तरी कोणी लावतं का? बसलेल्या एका तरी बाईनं सांगावं. हिनं चार दिवस निर्जळी केली असं तुमच्या वहीत हाय. मंग एक तर वही खोटी, नाय तर आमी राक्षस.

(आता बायांचा कोपरा हलला. कारण हे खरं होतं आणि प्रत्येकीला माहीत होतं. गरोदर बाईला एकादशीसुद्धा माफ असते.)

व्यंकटराव : घरमालक कोण?

(कडूबा उठला. पटका नीट केला.)

व्यंकटराव : खाली अंगठा तुमचा आहे. तुम्ही सांगा. उपवास होता की नव्हता?

इथं हे नाटकासारखं लिहिणं पुरे, आता कडूबाच्या डोक्यात शिरायला पाहिजे.

त्याच्यापुढं दोनच वाटा होत्या आणि दोन्हीत बेइज्जती होती. एका वाटेवर तो उपाशी घराचा धनी. दुसऱ्या वाटेवर तो पोटुशी सुनेला पाणीसुद्धा न देणारा सासरा. सारजाबाईनं त्याला असा नेमका अडवला होता. तिला वाटलं, आता तरी. माणूस कितीही पोकळ असला तरी आपल्या वंशाच्या पोटावर हात पडू देणार नाही. तिनं त्याच्याकडं पाहिलं. तीस वर्षांत तिनं त्याच्याकडं इतक्या आशेनं कधी पाहिलं नव्हतं.

"उपासच व्हता," कडूबा म्हणाला. "तिला म्याच धरायला लावला."

लक्ष्मीबाईनं पदर आणखी पुढं ओढला. सारजाबाईच्या चेहऱ्यावर राग आला नाही. तव्यावर पडलेल्या माशीकडं बघावं तसं तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

व्यंकटराव मात्र खुर्चीत पुढं सरकले. त्यांना हवं ते सापडलं होतं. "हेच ते! मी नेहमी म्हणतो, सरोजिनी, प्रश्न धान्याचा नाहीच. प्रश्न अज्ञानाचा आहे. लिहून घ्या. गरोदर स्त्रियांवर उपवासाची सक्ती." बाईंनी टोपण काढलं आणि लिहून घेतलं.

"जागृती झाली पाहिजे," आप्पासाहेब म्हणाला, आणि खुर्ची घरी परत नेण्यासाठी त्यानं गड्याला खूण केली.

*

पुढचे पंधरा दिवस.

सारजाबाई कडूबाशी बोलली नाही. न बोलणं त्या घरात नवं नव्हतं. नवं हे होतं की कण्या रांधल्या की ती पहिली वाटी लक्ष्मीबाईपुढं ठेवायची, दुसरीही लक्ष्मीबाईपुढंच, आणि गाडगं खरवडून जे निघेल ते कडूबाच्या ताटात. सून आधी जेवते आणि सासरा मागून, हे बघायला भिंतीपलीकडून डोकी वर यायची. कडूबा पटका बांधून जेवायला बसायचा आणि खरवड चाटायचा. त्यानं तक्रार केली नाही. तक्रार करायची म्हणजे कमी पडतंय असं म्हणावं लागलं असतं.

विहिरीवर सरूबाईनं तिला गाठलं. पहिल्यांदाच तिथं कुणी कुणाला ओळख दिली.

"कामून बोललीस गं? समद्या गल्लीचं नाक कापलंस."

"नाक व्हतं व्हय तुमाला?" सारजाबाईनं घागर डोक्यावर चढवली. "म्या तर बांगडी वाजतानाच ऐकली."

"मपल्या पोरीची सोयरीक व्हायची हाय. उपाशी घरची पोरगी कोण करीन?"

सारजाबाई झाडाच्या बुडात पाणी ओतून आली. सरूबाई तशीच दोरी धरून उभी होती, रडत होती की घाम पुसत होती ते कळत नव्हतं.

"सोड ती दोरी," सारजाबाई म्हणाली. "म्या वढते."

*

मग जागृती आली. जीपमधूनच आली.

देवळासमोर मांडव, मांडवात टेबल, टेबलावर पांढरी चादर. मागं दोरीला टांगलेला मोठा रंगीत तक्ता. त्यावर गुबगुबीत गरोदर बाई आणि तिच्याभोवती सफरचंद, द्राक्षं, केळी, लोण्याचा गोळा. टेबलावर खरी मांडणी: एका थाळीत मोड आलेली मटकी, एकात शेंगदाणे आणि गूळ, एकात उकडलेली अंडी आठ, काचेच्या बाटलीत दूध. प्रत्येकापुढं पुठ्ठ्याची पाटी. आणि कडेला तो पितळी तराजू, कारण किती खावं हेही शिकवायचं होतं.

गाव झाडून आलं. कडूबा पुढच्या रांगेत बसला. अज्ञानी म्हणून वहीत नाव लागलं होतं, पण उपाशी म्हणून नव्हतं. तो ताठ होता. व्यंकटराव प्रास्ताविक बोलले आणि सावलीत जाऊन बसले. सरोजिनीबाई उभ्या राहिल्या. हातात छडी.

"मैत्रिणींनो, पोटात बाळ असताना उपवास करू नये. बाळ आईच्या तोंडानं जेवत असतं. आता सांगा बरं, गरोदर बाईनं रोज काय खायला हवं?"

कोपऱ्यातल्या बाया थाळ्यांकडं बघत होत्या. आठवा लागलेली लक्ष्मीबाई खांबाला टेकून बसली होती, पाय पसरून, कारण ते आता दुमडत नव्हते.

"सांगा, लाजू नका. चूक असलं तरी चालेल."

सारजाबाई उठली. तिनं लक्ष्मीबाईच्या काखेत हात घातला आणि तिला उभं केलं. पुरुषांच्या रांगेमधून, पायांवरून, पटक्यांवरून, कडूबाच्या अगदी नाकासमोरून ती सुनेला घेऊन टेबलापाशी आली. लक्ष्मीबाईला तिनं टेबलापुढं जमिनीवर बसवलं. मग अंड्यांची थाळी उचलली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"मावशी, ते नमुन्यासाठी आहे," सरोजिनीबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "आम्हाला आणखी तीन गावांत न्यायचंय."

"शिकवा ना," सारजाबाई म्हणाली. "शिकायलाच बसलीय ती."

"अगं ए!" कडूबा अर्धा उठला. "उठव तिला! समदं गाव बघतंय!"

"बघू द्या. तोललं तवा कुठं बघितलं त्यांनी?" तिनं शेंगदाण्यांची थाळी ओढली, गूळ ओढला, दुधाच्या बाटलीचं बूच दातानं काढलं. मग कोपऱ्याकडं वळून म्हणाली, "सरूबाई, तुझ्या पोरीला घेऊन ये. मटकी हाय. का आज बी उपास?"

सरूबाई बसली होती तिथंच बसून राहिली. पण तिची पोरगी उठली. आईनं पदर धरला तो तिनं सोडवला आणि ती पुढं आली. तिच्यामागं पहिल्या घरची सून. मग पोरं, मग एक म्हातारी, जिला दात नव्हते आणि जी थेट दुधाकडं आली. व्यंकटराव सावलीतून "अहो, अहो" म्हणत उठले, पण मांडवात यायला वाट राहिली नव्हती. आप्पासाहेब आभाळाकडं बघत होता, जणू पावसाचं काही चिन्ह दिसतंय. सरोजिनीबाईंची छडी तक्त्यावरच्या सफरचंदावर टेकलेली होती आणि ती खाली कशी घ्यावी ते त्यांना सुचत नव्हतं.

लक्ष्मीबाईनं कुणाकडंच पाहिलं नाही. सासऱ्यासमोर डोक्यावरून पदर घसरला होता, तो तिनं सावरला नाही. दोन्ही हात गुंतले होते. एक अंडं तिनं मिठाशिवायच संपवलं, बोटाला लागलेला पिवळा भाग चाटला, आणि दुसरं थाळीच्या कडेवर आपटून सोलायला घेतलं.